शेपटाकडची गाडीवान

लढाई संपून दुसरा हिवाळा लागला होता. कोल्हारच्या मनकर्णाबाईच्या अंगणात तिची बैलगाडी चार महिने जागची हलली नव्हती. नवरा गेल्यापासून बारा वर्षं तिनं एकटीनं भाड्याची गाडी हाकली होती. संगमनेरला गूळ, राहुरीला कांदा, कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड. पुढं लष्कराचे जुने ट्रक लिलावात निघाले, व्यापाऱ्यांनी ते उचलले आणि तिचं भाडं आटलं. बैल तिनं चांगलं घर बघून दिले. गाडी मात्र दिली नाही.

आणि एका सकाळी दारात येऊन उभा राहिला तो नेमका ट्रकवालाच. मिशनच्या वस्तीतला गिदोन. ब्रह्मदेशच्या लढाईत सामानाच्या गाड्या चालवून आलेला.

"मावशी, तुज्या गाडीची चाकं पायजेत."

"का? तुज्या ट्रकाला चाकं न्हाईत व्हय?"

गिदोन हसला आणि ओट्यावर टेकला. मिशनच्या शाळेची मोठी खोली बांधायला काढली होती. तिच्या आढ्यासाठी राजूरच्या पलीकडच्या रानात ऐनाचं झाड पाडलं होतं. चाळीस फूट, सरळ, अखंड. ट्रकाचा हौदा बारा फुटांचा. लाकडाचं पुढचं टोक हौद्यावर राहील, पण मागचं फरफटत आणलं तर कोल्हारपर्यंत निम्मं झिजून जायचं. म्हणून मागच्या टोकाखाली दोन चाकं हवी होती.

"चाकं ने," मनकर्णाबाई म्हणाली. "पन ती एकटी जायाची न्हाईत. मी संगं येनार."

"तू येऊन काय करनार, मावशी?"

"आन तुजं मागचं टोक कोन हाकनार? ते काय आपल्या मनानं वळनार हाय?"

गिदोन उठून चाकांपाशी गेला. लढाईत त्यानं पुष्कळ काही ओढलं होतं, पण मागं चालणाऱ्या टोकाचा विचार त्यानं केला नव्हता.

राजूरच्या रानात ते लाकूड बघून मनकर्णाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिच्या कमरेएवढं जाड धूड होतं ते. हमालांनी दोन तिरक्या बल्ल्या लावल्या, दोर टाकले आणि 'हुप्प्या' म्हणत ते इंचाइंचानं वर चढवलं. पुढचं टोक हौद्यातल्या आडव्या तुळईवर साखळदंडानं आवळलं. मागच्या टोकाखाली तिची चाकं आली. लाकूड आणि आस यांच्यामध्ये गिदोननं लोखंडाचा जाड खिळा बसवला, म्हणजे चाकं डावी-उजवी फिरतील. गाडीची दांडी तिनं उलटी, मागच्या बाजूला बांधून घेतली. ती एका बाजूला रेटली की चाकं वळत.

राहिला प्रश्न बोलण्याचा. इंजिनाच्या आवाजात चाळीस फुटांवरून ओरडलेलं कुणाला ऐकू जाणार? तिनं कासरा काढला, त्याचं एक टोक गिदोनच्या दंडाला बांधलं आणि दुसरं आपल्या हातात ठेवलं.

"एक हिसका, थांब. दोन हिसके, चल."

"म्हंजी मी बैल झालो, मावशी."

"बैलं माजी शानी हुती. तू बी हो."

हमाल खो खो हसले. गिदोनही हसला आणि गाडी निघाली, बैलाच्याच चालीनं; मनकर्णाबाई दांडी धरून मागं चालत होती. विठ्याच्या घाटात उताराला लाकूड ट्रकाला पुढं रेटू लागलं, तेव्हा तिनं लाकडाच्या मागं एक ओबडधोबड खोड फरफटत राहील असं बांधलं. त्याच्या ओझ्यानं वेग आवरला. घाट उतरेपर्यंत गिदोनच्या दंडाला बारा हिसके बसले. त्यानं एकदाही कुरकुर केली नाही.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी आली. संगमनेरच्या अलीकडं एका गावात रस्ता डावीकडं काटकोनात वळत होता. डाव्या अंगाला दगडी भिंत, उजवीकडं जरा मोकळी जागा आणि तिच्या कडेला पाण्याचा आड. गिदोननं ट्रक वळवला तसं लाकडाचं शेपूट भिंतीकडं सरकलं. एक हिसका बसला. शेपूट भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबलं.

भिंतीचे मालक काकासाहेब धोतराचा सोगा सावरत धावत आले. "माझ्या आज्याची भिंत हाय ही! एक दगड जरी हालला तरी जाऊ देनार न्हाई!"

"दोन हात भिंत उतरवतो, काकासाहेब, आन परत रचून देतो," गिदोन अजिजीनं म्हणाला.

"भिंतीला कुनी हात लावायचा न्हाई," मनकर्णाबाई मागून म्हणाली. ती चाकांभोवती एक फेरी मारून आली होती. "गिदोना, समदं मागं घे. तू आधीच वळलास. आधी सरळ फुडं जायाचं, शेपूट उजवीकडं आडाच्या अंगाला काढायचं, आन मग वळायचं. काकासाहेब, तुमी बी या. दांडीला मानसं लागत्यात."

काकासाहेबांनी एकदा भिंतीकडं पाहिलं. मग त्यांनी सोगा खोचला आणि दांडीला खांदा लावला. गावातली आणखी पाच-सहा माणसं आली. गिदोननं गाडी मागं घेतल्यावर मनकर्णाबाईनं दोन हिसके दिले. गाडी हळू पुढं सरकली, सगळ्यांनी दांडी रेटली, चाकं करकरत आडाच्या बाजूला गेली आणि चाळीस फुटांचं ते धूड भिंतीला न शिवता वळणातून बाहेर पडलं.

लोकांनी टाळ्या पिटल्या. काकासाहेबांनी भिंतीवरून हात फिरवून पाहिला आणि घरात आवाज दिला, "अगं, च्या टाक! गाडीवानबाईला आधी."

तिसऱ्या दिवशी दुपारी लाकूड कोल्हारला पोचलं. गिदोनची बायको हन्ना त्याच शाळेत शिकवायची. तिनं पोरांकडून लाकडाची लांबी मोजवून घेतली. पोरांनी वितींनी मोजली आणि दरवेळी उत्तर वेगळं आलं. मग हन्नानं मनकर्णाबाईला बाजेवर बसवून बाजरीची भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. मनकर्णाबाई पोटभर जेवली. अंग ठणकत होतं, पण त्या ठणक्याचं तिला बरं वाटत होतं. चार महिने नुसतं बसून जे दुखत होतं, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

"आनखी तीन लाकडं आनायची हायत," गिदोन म्हणाला. "बुधवारी निघू?"

"चाकांच्या तुंब्यांना वंगन घालून ठिवते," ती म्हणाली.

बुधवारी चाकं हौद्यात चढली आणि मनकर्णाबाई पुढं गिदोनच्या शेजारी बसली. रिकामा ट्रक लोणीच्या रस्त्याला लागला तसा भन्नाट पळायला लागला. दोन्ही बाजूंचा ऊस सरसर मागं जात होता.

"लई पळतंय रे हे!" ती ओरडली.

"हळू घिऊ का, मावशी?"

"न्हाई, न्हाई," ती म्हणाली आणि पदर दातात धरून पुढं बघत राहिली.