चौदाव्या टीचा दगड

रविवारी तिने अठरा होल पासष्ट फटक्यांत संपवले आणि सोमवारी सकाळी क्लबच्या सेक्रेटरीने तिला ऑफिसात बोलावून घेतलं. अभिनंदनाला बोलावलं असेल असं वाटायला ती काही दुधखुळी नव्हती. पंधरा वर्षं व्यावसायिक गोल्फ खेळलेल्या बाईला सेक्रेटरी लोकांचे चेहरे वाचता येतात.

ऑफिसची एक भिंत काचेची होती. काचेपलीकडे सभासदांचा हॉल, आणि हॉलमध्ये ती काळी पाटी. या मैदानावर सर्वांत कमी फटक्यांत खेळलेल्या माणसाचं नाव त्या पाटीवर सोनेरी अक्षरांत असायचं. आकडा होता सहासष्ट आणि नाव होतं खुद्द अध्यक्षांचं. एकोणीस वर्षांत ते बदललं नव्हतं. ही पाटी तिने आजवर काचेतूनच पाहिली होती, कारण हॉलमध्ये बायकांना मज्जाव होता आणि माळ्यांनाही. ती इथल्या माळ्याची मुलगी, म्हणजे तिला दोनदा मज्जाव. रविवारच्या स्पर्धेचा चषकसुद्धा त्यांनी तिला व्हरांड्यात उभं करून दिला होता.

"छान खेळलात मॅडम," सेक्रेटरी म्हणाला. "फक्त एक बारीकशी तांत्रिक अडचण आहे. चौदाव्या टीचे ठोकळे नऊ पावलं पुढे होते, असं समितीच्या लक्षात आलंय."

प्रत्येक होलचा पहिला फटका दोन लाकडी ठोकळ्यांमधून मारायचा असतो. त्या जागेला टी म्हणतात. गवत एकाच जागी झिजू नये म्हणून माळी रोज पहाटे ते ठोकळे थोडे मागेपुढे करतो. जमिनीत अर्धा पुरलेला दगड मात्र हलत नाही, मैदानाची लांबी त्या दगडापासून मोजलेली असते. ठोकळे दगडाच्या पुढे असले की मैदान आखूड झालं, आणि आखूड मैदानावरच्या विक्रमाला कुणी विक्रम म्हणत नाही.

"समिती रविवारी चौदाव्यावर होती?" तिने विचारलं.

"तसं नाही. पण लक्षात आलं."

"ठोकळे दगडालगतच होते, मी माझी बॅग त्या दगडाला टेकवून ठेवली होती. माझ्याबरोबर खेळणाऱ्याने कार्डावर सही केलीय."

"त्यांनी फटक्यांवर सही केलीय मॅडम. दगडावर नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या मैदानावर ती खेळायला शिकली ती सभासदाने फेकून दिलेल्या, निम्म्यात कापलेल्या काठीने, आणि तेही सभासद उठायच्या आत. बाबा गवत कापत पुढे जायचे आणि ही मागून चेंडू मारत जायची. पुढे परक्या गावांत चार जणींत एक खोली आणि बेसिनमध्ये धुतलेले मोजे. बूट विकणाऱ्या कंपनीने तिला चेंडू मारायला सांगितलंच नाही, छत्री धरून हसायला सांगितलं. बातमीदार विचारायचे, लग्नानंतरही खेळणार का. तिच्याच वयाच्या पुरुष खेळाडूला ते विचारायचे, कुठली काठी वापरता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि हा हंगाम शेवटचा होता, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. चषकांचं तिला अप्रूप उरलं नव्हतं. पोरवयापासून एकच आकडा तिच्या डोक्यात बसला होता, सहासष्ट. त्याच्या खाली जायचं आणि त्या पाटीवर एक ओळ मिळवायची. ती तिने मिळवली होती, आणि आता हा माणूस ती टेबलावरची धूळ झटकावी तशी झटकत होता.

मागचं दार वाजलं. बाबा आले. चिखलाचे बूट काढून हातात घेतलेले, काखेत जुनी वही. एकतीस वर्षं रोज पहाटे ते दगडापासून ठोकळ्यांपर्यंत पावलं मोजत आणि त्या वहीत लिहीत.

"या माळीबुवा," सेक्रेटरी एकदम गोड झाला. "वहीची गरज नाही. ठोकळे तुम्हीच मांडता, तेव्हा तुमचीच सही हवी. माणूस आहे, चूक होते. कुणी काही बोलणार नाही."

त्याने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यावर वर रविवारची तारीख होती आणि खाली दोन ओळी. चौदाव्या टीचे ठोकळे दगडाच्या नऊ पावलं पुढे होते, सबब त्या दिवशीचा विक्रम ग्राह्य धरू नये.

बाबांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "पेन द्या साहेब."

"बाबा," ती म्हणाली. त्यांनी वर पाहिलं नाही.

तिला त्या क्षणी सेक्रेटरीपेक्षा बाबांचाच जास्त राग आला. जन्मभर साहेब म्हणेल ती पूर्व दिशा. पोटच्या पोरीसाठीही या माणसाच्या तोंडून एक ‘नाही’ निघू नये? बाबा वहीची पानं उलटत होते, कागदावर काहीतरी खोडत होते, पुन्हा लिहीत होते. सही करायला एवढा वेळ कशाला लागतो, ते तिला कळेना.

सेक्रेटरीने कागद हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे काय? तारीख बदललीत तुम्ही."

"तेवढीच चुकली होती," बाबा म्हणाले. "एकोणीस वर्षांपूर्वीची आहे ती. त्या दिवशी मागच्या बाजूला पाण्याची नळी फुटली होती, चिखल झाला होता, म्हणून ठोकळे पुढे घेतले. आणि नऊ नाही, सोळा पावलं. तेही दुरुस्त केलंय. खाली सही आहे माझी. रविवारचंही वहीत आहे, ठोकळे दगडालगत."

सेक्रेटरीने काचेतून पाटीकडे पाहिलं. "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तेव्हाचे साहेब म्हणाले, तू गवत बघ."

तिला हसावं की भांडावं कळेना. "एकोणीस वर्षं मी त्या आकड्यामागे धावले बाबा. खोटा आहे हे मला तरी सांगायचंत."

"चुकलंच माझं," बाबा म्हणाले. "आधी भ्यालो. मग तू धावायला लागलीस. म्हटलं, आता थांबवू नये."

सेक्रेटरी कागद धरून तसाच उभा होता. "अध्यक्षांना मी काय सांगू?"

"सांगा, माळ्याने सही केली."

बाबा पाहुण्यांच्या खुर्चीत बसले, बूट घातले, नाड्या सावकाश बांधल्या. ती सवयीने मागच्या दाराकडे वळली, तर त्यांनी हॉलचं काचेचं दार ढकलून उघडं धरलं होतं.

"चल," ते म्हणाले. "इकडून जवळ पडतं."