वडनेरला टाळ्या पडल्या तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी विजेवरची गिटार आहे. माझा लाल रंग बराचसा उडाला आहे. पण वडनेरला जे घडले, त्याने बसलेला हादरा मात्र अजून माझ्या लाकडातून गेलेला नाही.

कलकत्त्याच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी नागपूरच्या दुकानात आले आणि १९७३ साली नालवाडीच्या चंद्रभानने मला घरी नेले. चंद्रभान कापसाच्या बाजारात कारकून होता. रेडिओवर त्याने एका विलायती बँडची गाणी ऐकली होती आणि त्या गाण्यांनी त्याला अगदी झपाटले होते. त्याचा मित्र पुंडलिकराव याचे कापडाचे दुकान होते. तो ड्रम शिकला. आणखी दोघे मिळाले आणि जवळच्या धाम नदीच्या नावाने ‘धाम रॉकर्स’ उभे राहिले. त्या विलायती बँडचीच गाणी वाजवायची, तसेच केस वाढवायचे, तशाच बेलबॉटम पँटी घालायच्या. गाण्यांचा अर्थ चौघांपैकी एकालाही धड कळत नव्हता. शब्द मात्र ऐकून ऐकून तोंडपाठ होते.

सुरुवातीला लोक हसले. मग गणपतीत, शारदोत्सवात, कॉलेजच्या गॅदरिंगला आम्हाला बोलावणी येऊ लागली. त्याला कारण होते चंद्रभानचे थरथरणे. शेवटच्या गाण्यात तो विलायती गायकासारखा मला छातीशी धरून गुडघ्यांवर यायचा, डोळे मिटायचा आणि डोक्यापासून पायापर्यंत थरथरायचा. लोक शिट्ट्या मारायचे. पुढे पुढे तर गाणे कोणतेही असो, लोक त्या थरथरण्याचीच वाट बघायचे.

घरी माझी काळजी त्याची धाकटी बहीण कोकिळा घेई. माझ्या तारा तीच लावायची. भाऊ कामावर गेला की मला मांडीवर घेऊन सगळी गाणी वाजवायची. पण मुलीच्या जातीने स्टेजवर चढू नये, असे तिच्या आईचे, शकुबाईंचे म्हणणे होते. त्यामुळे कार्यक्रमात ती बायकांमध्ये बसे.

१९७९ च्या गणपतीत आम्ही वडनेरला गेलो. दिवसभर पाऊस पडून गेला होता. मांडवातली सतरंजी ओली होती. आमच्या अँप्लिफायरची पिन तीन पायांची आणि मंडळाच्या बोर्डाला भोके दोनच. तिथले लाइटवाले नत्थूजी यांनी पिन कापून टाकली आणि उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी भोकात खोचल्या. चंद्रभानने जरा चिंतेने विचारले, तेव्हा ते म्हणाले, “काही नाई होत जी, दरसाली असंच करतो.”

पहिलीच ओळ गायला चंद्रभानने माइकला ओठ लावले आणि माझ्या तारांतून वीज धावली.

मित्रांनो, माझ्या तारा त्याच्या बोटांना चिकटल्या. मला सुटता येईना, त्याला सोडता येईना. तो थरथरू लागला. गुडघ्यांवर आला. आणि सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या! शिट्ट्या, आरोळ्या, टोप्या हवेत. पुंडलिकरावाला वाटले, आज गडी पहिल्याच गाण्यात रंगला. त्याने ड्रमचा ठेका वाढवला.

बायकांमधून एकटी कोकिळा उठली. थरथरताना भाऊ डोळे मिटतो, हे तिला ठाऊक होते. आज ते सताड उघडे होते. ती माणसांना ढकलत बोर्डापाशी धावली आणि अंगातल्या सगळ्या जोरानिशी तिने वायर ओढून काढली.

माझा आवाज बंद पडला. टाळ्या मात्र चालूच होत्या. मग पुढची रांग थांबली, मग मागची. शेवटी कुठेतरी कोपऱ्यात एकच माणूस टाळ्या वाजवत राहिला, आणि तोही थांबला.

जीपमधून चंद्रभानला हिंगणघाटला नेले. तो वाचला. डाव्या हाताची दोन बोटे मात्र कायमची वाकडी झाली. दवाखान्यात मी नव्हते, पण तो काय बोलला ते पुंडलिकरावाने नंतर माझ्यासमोरच शकुबाईंना सांगितले. शुद्धीवर येताच त्याने विचारले होते, “मले सारं आयकू येत होतं. मी मरून राह्यलो होतो, अन् लोक टाळ्या काऊन वाजवून राह्यले होते?”

पुंडलिकरावाने ड्रमच्या काड्या माळ्यावर टाकल्या. शकुबाई मला धाम नदीत टाकायला निघाल्या होत्या. कोकिळेने मला त्यांच्या हातातून काढून घेतले. मी दीड वर्ष फडक्यात गुंडाळून पडले होते. धूळ खाल्ली, झुरळे सोसली. पण त्याहून वाईट म्हणजे चंद्रभान खोलीत आला की माझ्याकडे पाठ करून बसे.

एक दिवस तोच आईला म्हणाला, “बाई, कोकिळेले वाजवू दे. गाणं माह्या गळ्यात हाये अजून.” शकुबाईंनी त्याच्या वाकड्या बोटांकडे बघितले. मग त्यांनीच माझ्यावरचे फडके सोडले.

त्यानंतरचा आमचा पहिला कार्यक्रम पवनारला ठरला, आणि वडनेरचे नत्थूजी तिथे स्वतःहून आले. त्यांनी स्टेजमागे खड्डा खणून अर्थिंगची पट्टी पुरली, वर पाणी ओतले आणि तीन भोकांचा नवा बोर्ड लावला. माळ्यावरच्या काड्या उतरवून पुंडलिकराव ड्रमवर बसला. मी कोकिळेच्या हातात होते.

चंद्रभान ताठ उभा राहून गायला. लोक ओरडू लागले की थरथरून दाखव. त्याने गाणे थांबवले. “ते आता नाई होणार,” तो शांतपणे म्हणाला. “गाणं आयका.” काही जण उठून गेले. उरलेल्यांनी पहिल्यांदाच आमचे गाणे ऐकले.

त्यानंतर ‘धाम रॉकर्स’ कितीतरी वर्षे चालले. आता गावोगाव कॅसेटी वाजतात आणि मी कोकिळेच्या घरी भिंतीवर असते. ती मला अजून पुसते.

मित्रांनो, उघड्या वायरीला हात लावू नका आणि ‘काही नाही होत’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका. एवढे तर कुणीही सांगेल. माझे मागणे थोडे निराळे आहे. स्टेजवर कुणी थरथरत असेल, तर टाळी वाजवण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यांकडे बघा. त्या दिवशी भरल्या मांडवात ते डोळे एकट्या कोकिळेनेच बघितले होते.