वाटून घेतलेली गोळी

"माझ्या आईवर प्रयोग केला तुम्ही! अडाणी बाई बघून केला!"

दीपकने आपटलेली गोळ्यांची पट्टी टेबलावरून घसरत डॉक्टर तेजस्विनींच्या हातापर्यंत गेली. आईच्या उशीखाली ती त्याला सापडली होती. पट्टीवर औषधाचं नाव नव्हतं, नुसते आकडे आणि या दवाखान्याचा शिक्का. त्याची आई चतुराबाई सकाळी झेंडू तोडता तोडता वाफ्यातच कोसळली होती, आणि आता आत अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडली होती. दाराशी गावातली बरीच माणसं जमली होती.

"पेपरात देऊ," त्यातला एक म्हणाला. "गरिबाचा उंदीर करत्यात हे लोक!"

"चतुराबाईंचं नाव आमच्या नव्या औषधाच्या चाचणीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्या आल्या होत्या, पण इन्सुलिन घेणाऱ्यांना आम्ही यात घेत नाही. ही पट्टी त्यांच्याकडे आली कुठून, तेच मला कळत नाहीये."

भागुबाई त्या पट्टीकडे बघत भिंतीला टेकून उभी होती. शेजारी उभ्या तिच्या मुलाने, वाल्मीकने, तिचं कोपर धरलं. असल्या पट्ट्या त्याने घरी देवळीत पाहिल्या होत्या.

"आई, गप ऱ्हा," तो कानाशी पुटपुटला. "दवाखान्यावर जातंय ना, जाऊ दे."

भागुबाई आणि चतुराबाई एकाच साली एकाच आळीत नांदायला आल्या होत्या. दोघींच्या मळ्यांचा बांध एक, नाशिकच्या फूलबाजारात जायचा टेम्पो एक आणि कीर्तनातली जागाही एकच, मंडपाच्या डाव्या खांबाजवळ. मृदंगावर थाप पडली की भागुबाईच्या हातातलं काम सुटायचंच. गोटीराम महाराज एखादाच शब्द उचलायचे, त्याला असा आळवायचे की टाळकरीसुद्धा टाळ विसरायचे. मागच्या सप्ताहात महाराज म्हणाले होते, "माउल्यांनो, एकट्यानं गिळला तो घास. दुसऱ्याच्या हातावर ठेवून मग खाल्ला, तो प्रसाद!" भागुबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. कीर्तनातलं बोलणं ती कानावर ठेवून घरी येत नसे, पदरात बांधून आणत असे.

साखरेच्या नव्या गोळीच्या चाचणीत तिने नाव दिलं, तेव्हा गावाचे दोन भाग पडले. काही म्हणाले, "भागूकाकू, रक्त काढता काढता किडनी काढतील तुझी, कळायचं बी नाय." बाकीचे म्हणाले, "फुकट तपासण्या, वर बाहेरदेशाचं औषध! आमचं नाव घाल की." चतुराबाई या दुसऱ्यांतली. ती हौसेनं गेली आणि परत पाठवली गेली. येताना टेम्पोत तिने पदर तोंडाला लावला.

"पोटाची चाळण झाली गं सुया टोचून," ती म्हणाली. "तुला अमृत आन मला सुई व्हय, भागू?"

दोन-तीन महिन्यांत भागुबाईची साखर खरंच उतरली. देवळाची चढण ती दम न लागता चढू लागली. अख्ख्या आळीने पाहिलं. मग ते सुख एकटीनं कसं गिळायचं? ही गोळी फक्त तुमच्यासाठी, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, असं दवाखान्यात बजावून सांगितलं होतं. पण पंगतीत यजमानाने वाढताना पाहुणा 'नको, नको' म्हणतो, तसं भागुबाईला ते बोलणं वाटलं. म्हणायचं असतं म्हणून म्हटलेलं. तिने एक दिवस आपला धरला, एक दिवस चतुराचा. कीर्तनात बुक्का लावायला बाया उठल्या की चतुराच्या वाट्याची पट्टी या तळहातावरून त्या तळहातावर जायची.

आता तोच हात वाल्मीकने घट्ट धरून ठेवला होता. आत यंत्र टिकटिक करत होतं. भागुबाईने हात सोडवून घेतला.

"ताई," ती म्हणाली, "ती पट्टी माझी हाय."

दीपक वळला. "मावशी?"

"एक दिस मी खायचे, एक दिस चतुरा. मीच दिली रं तिला. दवाखान्याचा काय दोष नाय."

डॉक्टर ताडकन उठल्या.

"आणि इन्सुलिन? ते तर चालू होतं ना?"

दीपकने घरी बायकोला फोन लावला. निकिताने फ्रिज उघडलेला सगळ्यांना ऐकू आला. "आहो, बाटल्या भरलेल्याच हायेत," ती म्हणाली. "सीलसुदिक फोडलेलं नाय. मला वाटायचं, आई घेत्यात."

"सुई बंद केली तिनं?" भागुबाईने विचारलं. कुणाला विचारते आहे, हे तिलाच कळत नव्हतं. "मला नाय बोलली. बंद कर असं मी कवाच म्हणले नाय, माउलीशप्पथ!"

"गोळीत काय होतं, ते आधी कळायला हवं," डॉक्टर फोन उचलत म्हणाल्या. "खरं औषध की नुसती साधी गोळी, हे मलाही माहीत नसतं, भागुबाई. निम्म्या लोकांना साधी गोळी मिळते. पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. भागुबाईने ऐकलंही होतं. पण निम्मे म्हणजे दुसरे कुणीतरी, असं तिने धरलं होतं.

कुणाला कोणती गोळी दिली याची यादी असलेल्या कचेरीला त्यांनी फोनवर पट्टीवरचे आकडे वाचून दाखवले. मग बराच वेळ डॉक्टर नुसत्या ऐकत राहिल्या. फोन ठेवला तेव्हा त्यांनी भागुबाईकडे पाहिलं नाही.

"साधी," त्या म्हणाल्या. "यात औषध नव्हतंच."

"नव्हतंच?" दीपक हसल्यासारखं काहीतरी करून थांबला. "मग हिची साखर कशी उतरली?"

"या न चुकता इथं येतात. आधीच्या गोळ्या वेळेवर घेतात, चालतात, पथ्य पाळतात. त्यानं उतरली." डॉक्टर लगबगीने आत गेल्या.

गोळीत विष निघालं असतं तर भागुबाईला त्या गोळीला शिव्या तरी देता आल्या असत्या. तिने प्रसाद म्हणून जे मैत्रिणीच्या हातावर ठेवलं, त्यात काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसलेल्यावर भरवसा ठेवून चतुराने हातातलं खरं सोडून दिलं होतं. भांडायला आलेल्या माणसांना भांडायला काही उरलं नाही. एकेक जण चहाच्या निमित्ताने जिना उतरला.

तिसऱ्या दिवशी पहाटे चतुराबाई गेली.

दीपकने भागुबाईला अंत्ययात्रेत अडवलं नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. दशक्रियेच्या प्रवचनाला ती शेवटच्या सतरंजीवर बसली. शेजारी कुणी बसलं नाही. गावात मात्र जे आधी बोललं जात होतं, तेच पुन्हा सुरू झालं. "नवी गोळी बाधली. दवाखान्यानं दाबलं प्रकरण." चाचणीत नाव घालायला निघालेल्या तिघा-चौघांनी बेत रद्द केला. वाल्मीक म्हणाला, "म्हणू दे की. तुझ्यावरचं तरी टळतंय." भागुबाई ज्याला त्याला सांगत राहिली, की गोळीत काही नव्हतं. लोक मान हलवत आणि पुढे जात.

पुढच्या तपासणीला ती एकटीच गेली.

"तुमची गोळी आता बंद," डॉक्टर तेजस्विनी म्हणाल्या. "पण शेवटपर्यंत तपासणीला याल का? तुमच्या बाबतीत काय काय झालं, तेही अहवालात मांडावं लागतं. बळजबरी नाही."

"यीन." भागुबाईने बाही वर सरकवून हात पुढे केला. "गोळ्या मी निम्म्याच खाल्ल्या, ते बी मांडा, ताई. खोटं नको ऱ्हायला."

रक्त देऊन ती बाहेर आली, तर बाकावर लासलगावकडची एक बाई पिशवी उराशी धरून बसली होती. तिने भागुबाईच्या दंडावरचा कापूस पाहिला.

"मावशी, तुमी बी त्या चाचणीतल्या का? मला बोलावलंय. पण इथं एक बाई मेली म्हणत्यात. खरं हाय का?"

भागुबाईने रस्त्याकडे पाहिलं. गावाला जाणारी बस सुटायची वेळ झाली होती.

"खरं हाय," ती म्हणाली. "माझी जोडीदारीण व्हती ती. सरक जरा. समदं सांगते, मंग नाव द्यायचं का नाय ते तुझं तू ठरव."

बाई सरकली. भागुबाई बाकावर टेकली आणि दंडावरचा कापूस अंगठ्याने दाबून धरत म्हणाली, "चतुरा नाव तिचं."