आलात?

चिगुसानं काचेचं दार सरकवलं आणि पाऊल आत पडायच्या आधीच बारवाल्या इसेझाकीचा खडा आवाज आला, "या, या!"

ती मान लववून हसली आणि भिंतीकडच्या शेवटच्या स्टुलावर जाऊन बसली. पूर्वी इथं न्हाव्याचं दुकान होतं. खुर्च्या गेल्या, आरसा मात्र भिंतीवरच राहिला. त्यामुळे ताकामात्सु शहरातल्या या गल्लीत एकट्यानं बिअर प्यायला आलेल्या माणसाला समोर सतत स्वतःचंच तोंड बघत बसावं लागायचं. चिगुसा आरशातल्या बाईकडे न बघता बिअरच्या नळांकडे बघायला शिकली होती. नळ चारच. आज तिसऱ्यावर संत्र्याच्या सालीची बिअर होती, इसेझाकीच्या मित्रानं घरामागच्या शेडमध्ये गाळलेली.

"तीच ना?"

"हो, तीच. त्रास देते तुम्हाला."

"त्रास कसला, धंदा आहे माझा."

तेवढ्यात दार पुन्हा सरकलं. मासळीवाले शिनोहारा आत आले आणि त्यांच्या रबरी बुटांबरोबर अर्धा बाजारही आत आला.

"आलात, काका?"

"आलो रे बाबा, आलो."

"बूट धुतलेत ना? काल एक बाई विचारत होती, बिअरमध्ये बांगडा घालता का म्हणून."

"घालून बघ. चव तरी येईल तुझ्या काढ्याला!"

चिगुसानं पेल्यात नाक बुडवलं. हाच तो शब्द. कुणाला 'या' म्हणायचं आणि कुणाला 'आलात', हे काय कुणाला शिकवावं लागतं? 'या' पाहुण्याला, गिऱ्हाईकाला. 'आलात' म्हणजे तुमच्या वाटेकडे कुणाचे तरी डोळे होते. उन्हाळ्यापासून ती दर गुरुवारी येत होती. तिची बिअर कुठली, तिला खारी सुकी मासळी पुढे ठेवलेली आवडत नाही, सगळं इसेझाकीला पाठ होतं. तरी तिच्या वाट्याला आपलं 'या'च. मागून तरी कसं घ्यायचं असलं काही?

घरी तर आता कुणी तेवढंही म्हणत नव्हतं. तिनं लग्न केलं नाही, जन्मभर आईबरोबरच राहिली. ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून परतली की आतून आईची हाक यायची, "आलीस?" आणि ती "आले" म्हणून बूट काढायची. एवढंच. पण त्या एवढ्याशानं दिवस संपल्यासारखा वाटायचा. आता आई टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होती. चिगुसा आत्ता तिथूनच आली होती. आईनं सगळं आयुष्य शेवयांचे वाडगे वाढणाऱ्या दुकानात काढलेलं; मघाशी चिगुसाला दारात पाहताच ती उशी सोडून ताठ बसली, तोंडभर हसली.

"या, या! गरम देऊ की गार?"

"आई, मी आहे. आले मी."

"आई आत आहे. बोलावू?"

मग चिगुसानं "गरम" सांगितलं होतं आणि खिडकीचा पडदा नीट केला होता. तो नीटच होता.

तिसरा नळ फुसफुसला आणि इसेझाकीच्या हातातल्या पेल्यात नुसता फेस उतरला.

"संपलं पिंप. काका, जरा हात लावता? मागच्या अंगणातून आणायचंय."

"गिऱ्हाईकाला राबवतोस होय रे?"

"कसलं गिऱ्हाईक! घरचेच की तुम्ही."

"पैसे घेताना बरं आठवत नाही घरचा!"

दोघं हसत, एकमेकांना ढकलत मागच्या दारानं गेले. चिगुसा एकटी उरली. बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. पेल्याखाली उमटलेलं ओलं वर्तुळ तिनं रुमालानं पुसलं. मग शेजारचं पुसलं. मग शिनोहारांच्या जागेपुढचंही. हात चालू राहिला आणि मन कुठल्या कुठे गेलं. आणि पाठीशी रस्त्याकडचं दार सरकलं तेव्हा मानही न वळवता तिच्या तोंडून निघून गेलं,

"आलात?"

तिचे कान तापले. शेवयांच्या दुकानात वाढलेली मुलगी, आणि 'या' म्हणायचं विसरली!

"आलो," मागून आवाज आला. दमलेला, सवयीचा.

तिनं आरशात पाहिलं. दारात पन्नाशीचा एक माणूस उभा होता. अंगात कार्यालयात जायचा सूट. एकट्यापुरता जेवणाचा डबा असलेली पिशवी त्यानं खाली ठेवली होती, एक हात भिंतीला टेकला होता आणि एक बूट काढलासुद्धा होता. करडा मोजा सिमेंटच्या ओल्या जमिनीवर. मग त्यानं वर पाहिलं. स्टुलं दिसली, नळ दिसले, आरशात तिचे डोळे दिसले.

"माफ करा. पहिल्यांदाच येतोय. तुम्ही 'आलात' म्हणालात, म्हणून मी…"

"नाही, नाही, चूक माझी. मी इथली नाही हो."

"मीही," तो म्हणाला.

एवढं झाल्यावर कुणीही पटकन बूट घातला असता. त्यानं घातला नाही. बूट हातात घेऊन तो तसाच उभा राहिला, आणि चिगुसानंही त्याला 'इथं काढत नाहीत' असं सांगितलं नाही.

पिंप गडगडत आत आलं, मागोमाग घामाघूम झालेले दोघं.

"या, या!" इसेझाकी ओरडला. मग त्याची नजर मोज्यावर गेली.

"अरे, हा तर मुक्कामालाच आलाय!" शिनोहारा खो खो हसले. "अंथरूण घाल रे त्याला!"

तो माणूस ओशाळून वाकला, बुटात पाय सारून नाडी बांधू लागला. गाठ काही बसेना. इसेझाकीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा चिगुसाकडे.

"तुमच्याकडचे का हे?"

'छे, कुणी नाही' हे उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. पण आरशात तिला दिसलं, नाडीवरचे हात थांबले होते. मान खाली होती, आणि तो ऐकत होता.

"आत्ताच आलेत," चिगुसा म्हणाली. "जरा टेकू द्या आधी. मग विचारा काय हवं ते."