एकुलती एक किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे, मित्रांनो, आणि हे सांगताना मला जराही कमीपणा वाटत नाही. कपाटाची किल्ली फक्त कपाट उघडते. ट्रंकेची किल्ली बऱ्याचदा ट्रंकही उघडत नाही. मी मोटरसायकलची किल्ली आहे आणि माझ्या डोक्यात खरोखरच काहीतरी आहे. असं छातीठोकपणे म्हणू शकणारे जगात फार नाहीत.

माझ्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप आहे. गाडीच्या कुलपाभोवती तारेचं एक कडं असतं. मी कुलपात शिरले की ते कडं विचारतं, "कोण?" माझी चिप सांगते, "मीच." मगच इंजिन सुरू होतं. अगदी माझ्यासारखे दात कापून घेतलेली दुसरी किल्ली आली, तर कुलूप फिरतं, पण गाडीच्या तोंडावरचा तांबडा दिवा डोळे मिचकावत बसतो आणि इंजिन ढिम्म राहतं. चोरांनी गाडी नेऊ नये म्हणून ही व्यवस्था. चोर नेत नाहीत हे खरं. मालकालाही कधीकधी नेता येत नाही.

कारखान्यात माझा जन्म जुळ्यांत झाला. गाडीच्या पहिल्या मालकाने माझ्या बहिणीला एका सहलीत तळ्याच्या तळाशी पोहोचवलं आणि तो म्हणाला, "असू दे, एक आहे ना अजून." मित्रांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. जगातले बरेच घोटाळे याच वाक्यापासून सुरू होतात.

पुढे त्याने गाडी विकली आणि मी ताईच्या हाती आले. ताई म्हणजे एका टेलर मास्तरांची मुलगी. धंद्याने नर्स. घरोघरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची, असं तिचं काम. गाडीचा आवाज कानी पडला की आजारी माणसं उशीला टेकून बसत आणि इंजेक्शनवाली लहान मुलं पलंगाखाली जात. दोन्हींचं श्रेय मी माझ्याकडेच घेते. मी फिरले नाही, तर आवाज कुठून येणार?

ताईला खुळखुळाट आवडत नसे, म्हणून मला साखळी नव्हती, गोंडा नव्हता. तिच्या जाड जाकिटाच्या उजव्या खिशात मी एकटी राहायची. एकटी म्हणजे, शेजारी पट्ट्या कापायची कात्री असायची. बाई टोकदार होती. येता-जाता खिशाच्या अस्तराला टोचायची. मला त्यातलं पुढचं दिसत होतं, पण किल्लीला कोण विचारतं?

मास्तरांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. शिलाई मशीन, लांब टेबल, भिंतीवर खिळा आणि खिळ्याला टेप. मास्तर स्वभावाने गरीब, पण चुरगळलेलं कापड आणि उसवलेली शिवण दिसली की त्यांना राहवत नसे. एकदा पाहुण्यांच्या बाहीचं लोंबतं बटण त्यांनी पाहुणे जेवत असताना शिवलं होतं. दुसरी गोष्ट त्यांना सोसत नसे ती मोटरसायकल. "दोन चाकांवर तोल सांभाळायचा तो सर्कशीत," असं त्यांचं मत होतं.

अशात ताईला डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नेमणूक मिळाली. तिथे राहायचं आणि आसपासच्या वस्त्यांवर गाडीने फिरायचं. गाडी असेल तरच काम, असं दवाखान्याने स्पष्ट सांगितलं होतं. मास्तर ऐकून घेत आणि मशीन जरा जोरात चालवत. एकदाच म्हणाले, "इथे माणसं आजारी पडायची बंद झाली का?"

"बाबा, इथे नर्स पुष्कळ आहेत. तिथे एकही नाही."

"आणि इथे मुली पुष्कळ आहेत का?" मास्तर म्हणाले, आणि मशीन आणखी जोरात चाललं.

रुजू व्हायच्या आदल्या सकाळी ताईने खिशात हात घातला आणि मी नव्हते.

मग जे शोधकार्य झालं, ते पाहण्यासारखं होतं. म्हणजे मला दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. गाद्या उलटल्या, डबे पालथे घातले, कोळ्यांची वर्षानुवर्षांची वस्ती उठवली. कंपनीत फोन केला, तर तिथला माणूस गोड आवाजात म्हणाला, "एकच किल्ली होती? मग गाडीचा मेंदू बदलावा लागेल. मेंदू आमच्याकडे नाही. मागवावा लागतो. यायला महिना तर धराच."

फोन ठेवून ताई दुकानाच्या दारात उभी राहिली. तिचा आवाज खाली आला होता.

"बाबा, खरं सांगा. कुठे ठेवलीत?"

मशीन थांबलं.

"मी ठेवली असती तर सापडली असती," मास्तर म्हणाले. "माझ्या दुकानात टाचणी हरवत नाही."

"मी जाऊ नये असं तुम्हालाच वाटतंय ना?"

"वाटतंय. त्यासाठी किल्ली कशाला लपवू? तोंडाने सांगितलंय की."

"मग गेली कुठे?"

मशीन परत सुरू झालं नाही. ते मशीन इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अगं, बापाला चोर म्हणतेस का?" ताई म्हणाली, "मी कुठे म्हटलं?" पण म्हटलं होतं, आणि तिघांनाही ते ऐकू गेलं होतं. गाडी महिनाभर थांबली असती, मित्रांनो, तरी जग बुडालं नसतं. पण मुलगी हा संशय गाठीला बांधून डोंगरापलीकडे गेली असती, तर त्याला कंपनीतूनही सुटा भाग आला नसता.

आणि मी कुठे होते? मी ताईच्या अंगावरच होते. कात्रीने पाडलेल्या भोकातून घसरून मी जाकिटाच्या अस्तरात गेले आणि थेट खालच्या दुमडीच्या कोपऱ्यात, कापसामागे जाऊन पडले. आदल्या संध्याकाळी मास्तरांना खिशाचं भोक दिसलं होतं. मुलगी लांब चालली, बोचऱ्या वाऱ्यात हात खिशात घालेल, म्हणून त्यांनी कुणाला न सांगता ते भोक बुजवलं. दुहेरी टीप मारली. इतकी सुरेख की खिसा कधी फाटला होता हे ताईलाही कळलं नाही. साधा शिंपी असता, तर शिवण दिसली असती आणि कुणाला तरी अस्तर झटकावंसं वाटलं असतं. हातात कसब असल्याचे असे तोटे असतात.

दुपारी किल्लीवाला आला. हा गृहस्थ जगातल्या प्रत्येक कुलपाला नावाने ओळखतो, असं तो स्वतः सांगतो. "चिप-बिप काही नसतं हो, कंपनीवाले घाबरवतात. कुलूप ते कुलूप." त्याने अंगणात बैठक मारली, कुलपात डोकावला, एक किल्ली कापली आणि फिरवली. कुलूप फिरलं. तांबडा दिवा डोळे मिचकावू लागला. इंजिन ढिम्म.

"गाडी गार पडलीय," किल्लीवाला म्हणाला.

ऊन होतं. ताईने वैतागून जाकीट काढलं आणि हँडलवर भिरकावलं. दारात उभ्या मास्तरांना ते बघवेना. रुसवा वेगळा, कापड वेगळं. ते पुढे आले, जाकीट उचललं, झटकलं, नीट घडी घातली आणि पेट्रोलच्या टाकीवर, कुलपाला अगदी टेकवून ठेवलं.

तारेच्या कड्याने विचारलं, "कोण?"

अस्तरातून मी म्हटलं, "मीच की."

किल्लीवाल्याने सहज बटण दाबलं आणि इंजिन धडधडून सुरू झालं. तो स्वतः दचकला, पण लगेच सावरला. "बघितलंत? मी म्हटलं नव्हतं?"

ताईचा चेहरा उजळला. मास्तरांनी मात्र मान हलवली, जाकिटाला धूर लागेल म्हणून ते उचलून काखेत घेतलं. किल्लीवाल्याने ऐटीत इंजिन बंद केलं आणि पुन्हा किल्ली फिरवली. तांबडा दिवा. ढिम्म.

"आत्ता तर झाली होती," किल्लीवाला म्हणाला.

आई पायरीवर शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "अहो, ते जाकीट परत ठेवा बघू तिथे. गाडीला आवडलेलं दिसतंय."

मास्तरांनी ठेवलं. इंजिन सुरू. उचललं. बंद करून पाहिलं, तर परत तांबडा दिवा. ताईने हळूच म्हटलं, "चिप..." आणि तिची नजर जाकिटावर खिळली. मास्तरांची बोटं आधीच दुमडीवरून फिरत होती. कोपऱ्याशी ती थांबली. कापड ओळखणाऱ्या बोटांना लोखंड परकं लागतं.

त्यांनी खिशातली छोटी कात्री काढली, दोन टाके उसवले आणि मला बाहेर काढलं. मग त्यांनी खिशाची आतली बाजू उलटी करून आपली दुहेरी टीप पाहिली. बराच वेळ पाहिली.

"मीच ठेवली होती," मास्तर म्हणाले.

ताई पुढे आली. तिने ती टीप पाहिली, बोटाने चाचपली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, खिसा कधी शिवलात?"

"तुला कळला असता, तर तो शिवलेला कसला?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," आई म्हणाली. "मला मेलीला डबे पालथे घालायला लावले ते वेगळंच."

किल्लीवाल्याचं म्हणणं अजूनही असंच आहे की गाडी त्याच्या किल्लीनेच सुरू झाली. कुलूप फिरवलं तिनेच, त्यामुळे मी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी ताई वेळेवर रुजू झाली. वाटेत कंपनीच्या दुकानात थांबून तिने माझी धाकटी बहीण करून घेतली. पहिली हजर असेल तरच दुसरीची गाडीशी ओळख करून देता येते, म्हणून मला मानाने मध्ये बसवलं होतं. मी एकुलती एक राहिले नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पहिल्या सुट्टीला ताई घरी आली, तेव्हा तिने नवी किल्ली मास्तरांपुढे धरली. "ही तुमच्याकडे ठेवा, बाबा."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्याकडे? नक्की?"

"तुमच्याकडे. तुमच्या दुकानात टाचणी हरवत नाही."

आता माझी बहीण टेपच्या शेजारी खिळ्यावर टांगलेली असते. मास्तर कपडे बेतताना मधूनच तिच्याकडे पाहतात, आणि मशीन हळू चालतं.

म्हणून मित्रांनो, पहिली किल्ली हाती आहे तोवरच दुसरी करून घ्या. खिसा शिवण्याआधी अस्तर झटका. आणि घरात काही हरवलं, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी स्वतःच्या अंगावरचे कपडे तपासा. आम्ही किल्ल्या फार लांब जात नसतो.