डोळस बोटं आणि आठ बटणं

माझी भाची तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते. हात कसा चालतो म्हणाल, तर एकदा एक गृहस्थ बस पकडायला धावत होते आणि त्यांच्या शर्टाचं बटण लोंबत होतं. ही सुईदोरा घेऊन त्यांच्या बाजूने धावली. ते बसमध्ये चढले तेव्हा बटण पक्कं झालेलं, वर दोराही तोडलेला. त्या गृहस्थांना अजून पत्ता नाही. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा.

अशा बाईला गणिताने रडवलं. कारखान्यात तपासणीची जागा निघाली होती. तयार मालाच्या ढिगातून न निवडता, हाताला येतील ते चार नग उचलायचे, बघायचे, त्यावरून साऱ्या ढिगाला शिक्का मारायचा. सुई ओवताना हिच्या डोळ्यांना पाणी येऊ लागलं होतं, त्यामुळे ही जागा गेली तर पुढे काय, हा प्रश्नच होता. जागेसाठी संध्याकाळच्या वर्गाची संभाव्यतेची परीक्षा पास व्हायला हवी. परीक्षेला बसायला त्या दिवशी पाचच्या आत गृहपाठ पाठवायला हवा, आणि दुसऱ्या दिवशी तो फळ्यावर समजावून सांगायला हवा. मागल्या खेपेला हिने दुसऱ्याचा उतरवून नेला होता. फळ्यापुढे ही आणि खडू, दोघंही सारखेच पांढरे आणि सारखेच मुके. सरांनी परत पाठवली.

सुट्टीची दुपार होती. मी चहाला म्हणून गेलो आणि अडकलो. गृहपाठ एकाच प्रश्नाचा होता. डबीत पाच काळी आणि तीन पांढरी बटणं आहेत. न बघता एकापाठोपाठ दोन काढली, तर दोन्ही काळी निघण्याची संभाव्यता किती?

"ह्यात विचारायचं काय?" भाची म्हणाली. "काळ्या कोटाला माणूस काळीच काढणार ना! पांढरी निघाली तर मुकादम कच्चं खाईल."

"अगं, पण न बघता काढायचीत."

"मामा, मी न बघताच काढते. बघत बसले तर दिवसाला दोन कोट होतील!"

मी गणितात ढ, हे साऱ्या खानदानाला माहीत. म्हणून तिने प्रश्न मोबाइलवर टाकला, गणिताची मदत करणाऱ्यांच्या गटात. तिथे सगळे टोपणनावाने वावरतात. 'अचूक' नावाच्या माणसाने पापणी लवायच्या आत उत्तर फेकलं. पाच छेद चौदा, उतरवून घ्या. 'खडूस' म्हणाला, आयतं देऊ नका. दोघांची अशी जुंपली की माझ्या हातातला चहा त्या वाफेवर पुन्हा गरम झाला.

त्या धुमश्चक्रीत 'निवांत' नावाच्या कुणीतरी शांतपणे विचारलं, "ताई, एक काढल्यावर डबीत किती उरली?"

भाचीने टाइप केलं, "सात. पहिलं कोटाला लागलं, ते परत कसं येईल?"

"उत्तम. पहिलं काळं होतं. मग काळी किती उरली?"

"चार."

"म्हणजे पहिल्यांदा आठातली पाच, दुसऱ्यांदा सातातली चार. गुणा बघू."

तिने गुणाकार केला. छप्पनात वीस, म्हणजे पाच छेद चौदा. मी म्हटलं, संपलं, पाठव. पण ती बोटं मोडत बसून राहिली.

"मामा, हे पटत नाही. चौदा वेळा काढली तर जेमतेम पाच वेळा दोन्ही काळी? माझी तर दर खेपेला निघतात. उद्या फळ्यापुढे काय सांगू?"

निवांतने लिहिलं, "मग काढूनच बघा."

तिने डबीत आठ बटणं टाकली, काळी कोटाची, पांढरी शर्टाची. मी तिच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, डबी खुळखुळवली. दोन काढली. काळी, काळी. परत टाकून पुन्हा काढली. काळी, काळी. दहा वेळा हेच. घड्याळ साडेचारच्या पुढे गेलेलं.

गटात कळवलं तर खडूस उसळला. "अशक्य! बाई बघतायत."

"टॉवेल मी बांधलाय," मी माझ्या हाताने टाइप केलं. "माझ्या गाठीतून प्रकाशकिरणसुद्धा परवानगीशिवाय जात नाही."

निवांतने विचारलं, "ताई, तुम्ही काम काय करता?"

"काजं-बटणं."

"काळी आणि पांढरी बटणं हाताला सारखी लागतात का?"

भाचीने टॉवेल वर सरकवला आणि स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "नाही हो. काळ्याला चार भोकं, कडा जाड. पांढरं गुळगुळीत, दोन भोकांचं."

"मग तुमची बोटं बघतायत. त्यांचेही डोळे बांधा."

तिने ओट्यावरचे गरम भांडी धरायचे जाड हातमोजे चढवले. पंजा डबीत कसाबसा गेला. पहिल्या खेपेला एक काळं, एक पांढरं. मग दोन्ही पांढरी! ती अशी दचकली, जणू डबीतून उंदीर निघाला. मग काळी-काळी. मग पुन्हा मिसळ.

"अय्या मामा, काही कळतच नाही काय येणार!"

"ते कळत नाही म्हणूनच तर मोजतात ना, बाई," मी म्हटलं. हे वाक्य मी कुठून काढलं देव जाणे, पण त्यानंतर घरात मला मान आला.

मग तिने लिहायला घेतलं. आठातली पाच का, सातातली चार का, सगळं कोटाच्या भाषेत. पाच वाजायला काही मिनिटं असताना गृहपाठ गेला. मग आम्ही दोघं मोबाइलकडे असं टक लावून बसलो, जणू त्यात दूध तापत ठेवलंय.

सरांचा निरोप आला. "उत्तर बरोबर. उद्या फळ्यावर समजावलंत की परीक्षेला बसा. पण शेवटी 'हातात जाड मोजे असतील तरच' अशी अट का घातलीत? प्रश्नात तसं काही नाही."

"झालं!" मी म्हणालो. "खोड ते, कळव माफ करा म्हणून."

"का खोडू?" भाची म्हणाली. "उद्या तपासणीला उभी राहिले, तर माझी बोटं ढिगातून मुद्दाम चांगलेच नग काढतील. हे सरांना ठाऊक नको?"

आणि तिने उत्तर टाइप केलं, "सर, उद्या डबी घेऊन येते. आधी तुम्ही काढा, मग मी काढते."