न भरलेले घाव

कुऱ्हाडीचं पातं तिसऱ्यांदा दार फोडून आत आलं आणि तिच्या कानाजवळ थांबलं. पाठीने दार दाबून धरलेली ती तशीच खाली बसली. बाहेर नवरा पातं उपसत शिव्या घालत होता. सुतारकी त्याची, पॉलिश तिचं. आणि आज गिऱ्हाइकाने कपाट बघून कौतुक केलं ते तिच्या हाताचं. तेवढ्यानेच मेल्याच्या पोटात दुखलं. पुढचा घाव कडीवर बसला आणि दार उघडलं. त्यानंतरचं तिला धड आठवत नव्हतं. केस त्याच्या मुठीत होते आणि तोंडात रक्ताची चव होती.

सकाळी सासूने लाकडाच्या भेगा बुजवायच्या लांबीचा डबा आणून तिच्यापुढे आदळला.

"उद्या तुझे वडील यायचेत. चिरा भरून घे नि वरून लॅकर मार."

चिरा भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपटलेल्या खुर्च्या, लाथेने फुटलेलं टेबल, सगळं तिने नितळ करून ठेवलं होतं. गेल्या खेपेला आबा, तिचे वडील, आले तेव्हा तिने त्यांना सांगून पाहिलं. तेही जन्मभर पॉलिशचंच काम केलेले. घरभर नजर फिरवून म्हणाले, "एक ओरखडा दिसत नाही, आणि म्हणे तोडफोड करतो. भांड्याला भांडं लागायचंच, बाई." मार तर कपड्यांखाली होता. तिच्याच हुन्नराने तिला खोटं पाडलं, याचा तिला अजून संताप होता.

तिने डबा उघडलाच नाही. दार पुसलं आणि उघड्या घावांवरच लॅकरचे पातळ हात चढवले. आता त्यांना ना पाणी लागणार होतं, ना कीड. फाटलेली कड न् कड चकाकायला लागली. सासूला लॅकरचा वास आला, तेवढ्यावरच काम झालं असं तिने धरलं. ओल्या कामाला धूळ लागते म्हणून त्या खोलीकडे कुणी फिरकायचं नाही, हा घरचा नियमच होता.

दुसऱ्या दिवशी आबा आले.

"बघा, पोरीने घर कसं ठेवलंय," सासू म्हणाली.

ताज्या लॅकरच्या वासाने आबा थेट दाराशी गेले. त्यांची बोटं एकेका घावात शिरली. तिच्या डोक्याच्या उंचीवरच्या घावाशी हात थांबला.

"भरायचं राहिलं का गं?"

"नाही, आबा."

नवरा कामावरून उठून आत आला. हाताची मूठ वळलेलीच होती. आबा दोघांच्या मधे येऊन उभे राहिले.

"चपला घाल," ते मागे न बघता लेकीला म्हणाले.

ती सकाळपासून चपला घालूनच बसली होती.